शंभर मिलिग्रॅमचे पाच दिवस

केमोचे दुष्परिणाम म्हटले की केस जाणं, उलट्या, तोंड येणं हे सगळं कुणी ना कुणी आधी सांगून ठेवतं. मलाही सांगितलं होतं. डे केअरमध्ये एक माहितीपत्रक हातात दिलं होतं, त्यात अगदी खाली 'मूडमध्ये बदल' असंही छापलेलं होतं. केमोसोबतच्या स्टेरॉइडमुळे त्या दोन शब्दांत काय काय मावतं ते माझ्या घराने २०२३च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये पाहिलं. तुमच्या घरी सध्या कुणी रात्री अडीच वाजता मसाल्याचे डबे पुसत बसलं असेल आणि कौतुक करावं की घाबरावं हे कळत नसेल, तर हे तुमच्यासाठी.

मी ५१ वर्षांची, ठाण्यात चरईत राहते, एका पतपेढीत हिशेब सांभाळते. जुलैमध्ये मानेच्या डाव्या बाजूला गाठ लागली. फॅमिली डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा कोर्स दिला, गाठ ढिम्म. मग सोनोग्राफी, मग सुईची तपासणी, ती अपुरी पडली म्हणून गाठ काढून बायोप्सी, आणि त्यावर आयएचसी नावाची, कॅन्सरचा नेमका प्रकार सांगणारी आणखी एक तपासणी. या शेवटच्या रिपोर्टला आठवडा-दहा दिवस लागतातच. लॅबला रोज फोन करून काही होत नाही, तिथल्या पोरांचा आवाज तेवढा चढतो. शेवटी पेट स्कॅन झाला. निदान आलं: डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा एक कॅन्सर, दुसरी स्टेज. अधिक श्रावण चालू होता. सासूबाई म्हणाल्या, अधिकात नवीन काही सुरू करू नये. इन्शुरन्सच्या प्रीऑथने, म्हणजे आगाऊ मंजुरीने, त्यांचं ऐकलं. मंजुरी येईपर्यंत अधिक संपून निज श्रावण लागला आणि पहिली केमो ४ सप्टेंबरला, श्रावणी सोमवारी झाली. (उपास करू नका. स्टेरॉइड रिकाम्या पोटी घ्यायचं नसतं.)

उपचाराचं नाव आर-चॉप. यातलं 'चॉप' सत्तरच्या दशकापासून दिलं जातंय. 'आर' म्हणजे रिटुक्सिमॅब, ते नंतर जोडलं गेलं आणि २००७पासून ते देशी बायोसिमिलर (मूळ औषधाशी अगदी मिळतंजुळतं औषध) म्हणून मिळू लागल्यामुळे आपल्याकडे परवडण्याजोगं झालं. मला एका सायकलला डे केअरसकट पन्नास हजारांच्या आसपास पडले. दर २१ दिवसांनी एक, अशा सहा सायकली. चार औषधं पहिल्या दिवशी सलाईनमधून जातात. पाचवं प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. त्याच्या गोळ्या घरी घ्यायच्या, रोज १०० मिलिग्रॅम, पाच दिवस. वीसच्या पाच गोळ्या सकाळी एकदम. अख्ख्या बिलात सगळ्यात स्वस्त काय असेल तर ही गोळी. पाच दिवसांच्या गोळ्या शंभर रुपयांच्या आत आल्या.

पहिला दिवस लांबला, कारण रिटुक्सिमॅब पहिल्यांदा फार हळू सोडतात. मध्येच थंडी भरली, सिस्टरने सलाईन थांबवलं, अर्ध्या तासाने पुन्हा चालू केलं. दिवेलागणीला घरी आलो. मंगळवारी थकवा होता. बुधवारपासून मला बरं वाटायला लागलं, आणि ते वाढतच गेलं.

गुरुवारी ७ तारखेला दहीहंडी होती. ठाण्यात राहणाऱ्याला त्या दिवसाबद्दल वेगळं सांगायला नको. खिडकीच्या काचा थरथरत होत्या, त्यामुळे झोप लागत नाही याचं खापर स्पीकरवर फुटलं. स्पीकर बंद झाले, रस्ता झाडून झाला, तरी मी टक्क जागी. अडीचला उठले, स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढले, धुतले, पुसले, एकेक मसाला वजनकाट्यावर मोजला आणि लेबलं लावली. सकाळी सासूबाई चहा टाकायला आल्या तर ओट्यावर डब्यांची रांग. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एक डबा डोळ्यांजवळ नेला. 'हळद, २१२ ग्रॅम, ८/९/२३.' दुसरा उचलला. 'मोहरी, ९६ ग्रॅम.' मग म्हणाल्या, "अगं, तुला केमो मानवली गं!"

सगळ्यांनाच तसं वाटलं. नणंद म्हणाली आवाज किती टवटवीत येतोय. पतपेढीतल्या मैत्रिणींना मी तासतासभर फोन करत होते, त्या मला फायटर म्हणत होत्या. केमोनंतर बाई अंथरुणाला खिळणार अशी तयारी करून बसलेल्या घराला ती माळ्यावर चढलेली दिसली तर घर देवापुढे साखरच ठेवणार. गोची इथेच आहे. स्टेरॉइडचा चढ बाहेरून पाहणाऱ्याला हिंमत वाटतो, आणि आतून मलाही ती माझी हिंमतच वाटत होती.

शुक्रवारी गोळ्या संपल्या आणि रविवार संध्याकाळपासून मी उतरले. अंग शिशाचं झालं. अंघोळ नको, वेणी नको (तेव्हा केस होते अजून), कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायला सुद्धा जिवावर येई. मखराचा विषय निघाला आणि मी रडायलाच लागले. आठवडाभरात ते आपोआप निवळलं. १९ला गणपती आले, मी बसल्या बसल्या मोदक वळले, आणि पहिलीच केमो होती, होतं असं, म्हणून विषय मिटला.

दुसरी सायकल २५ सप्टेंबरला. या वेळी नुसतं बरं वाटण्यावर भागलं नाही, त्याला धार आली. बुधवारी पहाटे मी सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पाण्याच्या टाक्यांच्या सफाईची मुद्देसूद योजना टाकली, पाठोपाठ सेक्रेटरींच्या वार्षिक हिशेबातली बेरजेची चूक. (चूक खरंच होती, हे नमूद करते.) स्टीलचे चार डझन डबे मागवले. मुलीच्या लग्नासाठी म्हणून पैठणी मागवली. मुलगी २२ वर्षांची, शिकतेय, लग्नाचा घरात उच्चारही नाही. बोलायला लागले की दुसऱ्याला वाव नाही. मध्ये कुणी बोललं की डोकं सणकायचं.

अनंत चतुर्दशीच्या रात्री माझी खात्री पटली की नवरा आणि मुलगी पेट स्कॅनचा खरा रिपोर्ट माझ्यापासून लपवताहेत. दोघं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होती, मला तेवढं पुरलं. मध्यरात्री नवऱ्याच्या बॅगेतले सगळे कागद काढून पलंगावर पसरले आणि ताडून पाहिले. रिपोर्टवरचा क्रमांक एक, बिलावरचा दुसराच. ते वेगळे असतातच, एक स्कॅन विभागाचा आणि एक बिलिंगचा, आणि आयुष्यभर व्हाउचर जुळवणाऱ्या मला ते कळायला हवं होतं. त्या रात्री मात्र तो पुरावा होता. मी दोघांना उठवलं. मुलीला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

२९च्या रात्री मुलीने १४४१६ लावला. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं: ताप आहे का, आपण कुठे आहोत आणि आज कोणता वार हे त्यांना कळतंय का, स्वतःला किंवा कुणाला इजा करण्याची भाषा आहे का, औषधं कोणती चालू आहेत. मुलीने फाईलमधून नावं वाचून दाखवली. स्टेरॉइडचं नाव आल्यावर त्या म्हणाल्या, कॅन्सरच्या डॉक्टरांना आजच कळवा, गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, आणि ताप आला किंवा बोलणं असंबद्ध वाटलं तर वाट न बघता इमर्जन्सीत न्या.

आमच्या रुग्णालयाचा रात्रीचा नंबर होता. तिथल्या डॉक्टरांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं. "आजारच तसा आहे, टेन्शन येतं. समजावा त्यांना." आता सुट्ट्या बघा: २८ला अनंत चतुर्दशी, २९ला ईदची सुट्टी, मग शनिवार-रविवार, मग गांधी जयंती. ओपीडी थेट मंगळवारी, ३ ऑक्टोबरला. केमोची तारीख ठरवताना पुढच्या आठवड्याभरातल्या सुट्ट्या कॅलेंडरवर बघून घ्या आणि त्या काळात तुमच्या डॉक्टरांच्या टीममधलं कोण फोन घेणार, त्याचं नाव आणि नंबर लिहून घ्या. रुग्णालयाचा सर्वसाधारण नंबर कामाचा नाही.

मंगळवार उजाडेपर्यंत चढ ओसरून उतार लागला होता, पहिल्यापेक्षा खोल. मरायचा बेत नव्हता. पण झोपेतून जाग आलीच नाही तर बरं, असं वाटत होतं आणि ते वाटणं मला अगदी वाजवी वाटत होतं. हे मी मुलीला सांगितलं. तिने वाद घातला नाही, देवाधर्माचं काही बोलली नाही. औषधांचा डबा उचलून आपल्या कपाटात कुलपात ठेवला आणि रात्री माझ्या खोलीत गादी टाकली. घरातल्या कुणी असं काही सांगितलं तर हे एवढं आधी करा, समजूत घालणं नंतर.

ओपीडीत तिने माझ्याऐवजी एक कागद पुढे केला. वहीचं पान, मध्ये उभी रेघ. डावीकडे पहिली सायकल, उजवीकडे दुसरी. तिसऱ्या दिवसापासून झोप नाही, चौथ्या दिवशी बडबड, पाचव्यापर्यंत चढ, सातव्यापासून रडणं. दोन्हीकडे तेच. डॉक्टरांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, "हे मला आधी का नाही कळलं?" नवरा म्हणाला, "रात्रीच्या नंबरवर कळवलं होतं." ते काही बोलले नाहीत, पण फाईलवर स्वतःचा मोबाइल नंबर लिहून दिला.

मग त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. शरीर रोज स्वतःचं स्टेरॉइड बनवतं, ते साधारण ५ ते ७.५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं असतं. मला मिळत होते १००, आणि सहाव्या दिवशी एकदम शून्य. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने थेट मरतात, म्हणून ते या उपचारात आहे. मळमळीसाठी सोबत दिलेली ती किरकोळ गोळी नाही. त्यामुळे रुग्णाने परस्पर बंद करणं म्हणजे कॅन्सरचं औषध बंद करणं. आणि मनावरचा परिणाम मात्रेप्रमाणे वाढतो हे फार जुनं ठाऊक असलेलं आहे: १९७२च्या बोस्टनमधल्या एका अभ्यासात रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांपैकी १.३ टक्के रुग्णांना मानसिक त्रास झाला होता, ८०च्या वर घेणाऱ्यांपैकी १८.४ टक्क्यांना. मी तो आकडा ऐकला आणि कित्येक दिवसांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. पाचात एक म्हणजे काही मी एकटी नव्हे. माझा स्वभाव बिघडला नव्हता, माझा धीर सुटला नव्हता.

तरी त्यांनी लगेच शिक्का मारला नाही, हे मला आवडलं. सोडियम, कॅल्शियम, साखर, क्रिएटिनिन, थायरॉइड, काउंट्स, हे सगळं त्याच दिवशी काढलं, कारण यातलं काहीही बिघडलं तरी माणूस भ्रमिष्टासारखं वागू शकतो. साखर वाढलेली निघाली, तीही स्टेरॉइडचीच कृपा. शिवाय हा लिम्फोमा क्वचित मेंदूपर्यंत जातो, म्हणून एमआरआय. तो गुरुवारी झाला, रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळी मिळाला. त्या दीड दिवसात आमच्या घरात टीव्हीसुद्धा लागला नाही. एमआरआय स्वच्छ आला. खर्च कॉन्ट्रास्टसकट साताठ हजार.

शनिवारी ७ ऑक्टोबरला नौपाड्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. पहिल्या भेटीचे दीड हजार, पुढच्यांचे हजार. सासूबाईंना कुठे चाललोय ते सांगितलं नव्हतं. आमच्या गावाचं नाव अवघ्या महाराष्ट्रात कशासाठी घेतलं जातं ते ठाऊक आहेच, लहानपणी नगरचे मामा आम्हाला चिडवायचे, "तुम्ही काय, ठाण्यातच राहता, जायला नको!" तेच इस्पितळ, म्हणजे ठाण्याचं मनोरुग्णालय, १९०१ सालचं, आजही ओपीडी चालवतं आणि खासगीची फी ज्यांना झेपत नाही त्यांनी बिनदिक्कत तिथे जावं. हे मी आता लिहितेय. त्या दिवशी रिक्षातून उतरताना मी ओढणी डोक्यावरून पुढे ओढली होती, आणि केस गेलेले असल्यामुळे ते खपूनही गेलं.

डॉक्टरीणबाई माझ्याहून वयाने लहान. त्यांनी तासभर दिला. आधी कधी असं झालं होतं का, बाळंतपणानंतर काही, घरात कुणाला, दारू, झोपेच्या गोळ्या. मग म्हणाल्या, "मॅडम, बारा महिने उलटे म्हणून दाखवता?" लक्ष टिकतंय का, भान शाबूत आहे का, हे बघायची ही साधी रीत. मी फाल्गुनापासून सुरू केलं. माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक, आश्विन, भाद्रपद असं करत आले आणि थांबून विचारलं, "यंदा श्रावण दोन आहेत, दोनदा म्हणू का?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, भान ठीक आहे. शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं तेव्हा तर मी पतपेढीत बसल्यासारखी सुटले.

निदान लिहिलं: स्टेरॉइडमुळे उद्भवलेला मूडचा विकार. उपाय दोघा डॉक्टरांनी फोनवर बोलून ठरवले. हे माझ्यापुरते आहेत, कुणी बघून बघून करू नये. पण असे उपाय असतात, एवढं कळावं म्हणून लिहिते. स्टेरॉइड सकाळी आठच्या आत, नाश्त्यानंतर, सगळं एकदम. दुपारनंतर एकही गोळी नाही. पाच दिवसांनंतर एकदम शून्य न करता दोन दिवस उतरती मात्रा. आणि पहिल्या दिवसापासून आठवडाभर रात्री ओलान्झापिन, आधी २.५ मिलिग्रॅम, लागलं तर ५. हे औषध मनोविकारांसाठी म्हणून ओळखलं जातं, पण केमोच्या उलट्या थांबवायलाही देतात. २०२४ साली टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात उलट्यांसाठी नेहमीच्या १० मिलिग्रॅमऐवजी २.५ तितकंच पुरतं आणि गुंगी कमी येते असं दिसलं. मला झोप मिळाली आणि मळमळही गेली. गोळीला दिवसाला पाच रुपयेसुद्धा नीट लागत नव्हते.

एक गोष्ट त्यांनी बजावली होती, ती पुढे डे केअरमध्ये शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या ताईंच्या उपयोगी पडली. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना कॅन्सरच्या औषधांची पूर्ण यादी न्यायची, आणि त्यांनी दिलेलं परत कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवायचं. या ताईंना स्तनाच्या कॅन्सरसाठी पुढे टॅमॉक्सिफेन सुरू होणार होतं, आणि उदासीसाठी जवळच्या डॉक्टरांनी फ्लुऑक्सेटिन दिलेलं होतं. फ्लुऑक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन यकृतातल्या ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) टॅमॉक्सिफेन कामी येतं, तेच विकर अडवून धरतात. त्यांनी विचारलं, गोळी बदलून मिळाली.

तिसरी सायकल १६ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी. घरात नियम झाले, आणि ते मी शुद्धीवर असताना स्वतःच्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावले, म्हणजे नंतर मला भांडता येऊ नये. रात्री दहानंतर फोन मुलीकडे. कार्ड नवऱ्याकडे. सोसायटीच्या ग्रुपमधून दहा दिवस बाहेर. पैशाचा, नात्याचा, उपचाराचा कुठलाही निर्णय आठव्या दिवसाच्या आत नाही. भेटायला येणाऱ्यांनी संध्याकाळी सातच्या आत निघायचं.

आणि तक्ता. रोजची झोप किती तास, बोलण्याचा वेग, चिडचिड, मन कसं आहे याला दहापैकी गुण. एक रकाना माझा, एक मुलीचा. दोघींनी एकमेकींचं न बघता भरायचा. चौथ्या दिवशी माझ्या रकान्यात होतं: 'मन ९. अगदी छान. विचार स्पष्ट.' मुलीच्या रकान्यात: 'आई जेवताना एकटीच बोलत होती, बाबांना तीनदा गप्प केलं.' त्या संध्याकाळी डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी ओलान्झापिन ५ केलं, पाचव्या रात्री मी सहा तास झोपले. डॉक्टरांना 'मूड बरा नाही' म्हणून सांगितलं तर हाती काही लागत नाही. 'तीन रात्री तीन तासांहून कमी झोप' म्हटलं की ते पेन उचलतात.

संशय पुन्हा आला नाही. उतार आला, पण दोन दिवसांत आटोपला. दसऱ्याला मी खाली जाऊन सोनं दिलं-घेतलं. चौथीचे स्टेरॉइडचे पाच दिवस धनत्रयोदशीला संपले, म्हणजे लक्ष्मीपूजनाला मी नेमकी उतारावर. हे आधी माहीत असल्यामुळे पूजा मुलीने केली, फराळ विकतचा आणला आणि माझ्या न बोलण्याचं कुणी मनावर घेतलं नाही. सासूबाईंना तोवर सगळं सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच पडलं की, "मग आधीच सांगायचं ना, मी काय परकी आहे?" आणि त्यानंतर त्या रोज सकाळी आठला गोळ्यांची वाटी घेऊन समोर उभ्या राहायला लागल्या. पाचवी, सहावी तशाच गेल्या. शेवटची १८ डिसेंबरला.

आता इन्शुरन्स. केमोचं कॅशलेस नवऱ्याच्या ऑफिसच्या पॉलिसीतून व्यवस्थित झालं. मानसोपचाराची बिलं मात्र टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या संस्थेने) परत पाठवली: 'मूळ आजाराशी संबंध नाही, मानसिक आजार वगळलेला.' यात दोन गोष्टी आहेत. एक, आमच्या पॉलिसीत दाखल होण्याआधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस त्याच आजाराचा बाहेरचा खर्च मिळतो, आणि केमो दर २१ दिवसांनी असल्यामुळे मधली सगळीच बिलं त्यात बसतात. दोन, मानसिक आरोग्य काळजी कायदा २०१७च्या कलम २१(४)प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. मी कॅन्सरच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर चार ओळी घेतल्या: अमुक औषधाच्या अमुक मात्रेमुळे हा त्रास झाला, उपचार चालू ठेवण्यासाठी मानसोपचार आवश्यक. ते पत्र, दोन्ही प्रिस्क्रिप्शनं, कलमाचा उल्लेख असलेला अर्ज, पोच घेऊन दिलं. महिना-सव्वा महिना लागला. सल्ल्याची फी आणि एमआरआय मिळालं, साखर मोजायच्या पट्ट्यांचे पैसे कापले. त्यासाठी मी भांडले नाही.

आणखी एक काम डिसेंबरात केलं. औषधाचा दुष्परिणाम रुग्ण स्वतः सरकारला कळवू शकतो, हे मला डे केअरच्या फार्मासिस्टने सांगितलं. भारतीय औषधसंहिता आयोगाचा त्यासाठी कार्यक्रम आहे, टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४, आणि ग्राहकांसाठीचा फॉर्म मराठीतही मिळतो. औषधाचं नाव, मात्रा, कधी सुरू कधी बंद, काय झालं, आता कसं आहे, एवढंच भरायचं. गोळ्यांची रिकामी पाकिटं टाकू नका, बॅच नंबर त्यावर असतो. याने मला काही मिळणार नव्हतं. पण माहितीपत्रकातले ते दोन शब्द कुणीतरी वाढवावेत असं वाटत होतं.

फेब्रुवारीत पेट स्कॅन स्वच्छ आला. त्यानंतर, सगळे पेढे वाटत असताना, मला पुन्हा उदास वाटायला लागलं. या वेळी अंगात स्टेरॉइड नव्हतं, तेव्हा हे निराळं. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली नाही, समुपदेशनाला पाठवलं. पाचसहा आठवड्यांत फरक पडला. डोकं मात्र अजून पूर्वीसारखं चालत नाही: बेरीज करताना हातचा विसरते, ओळखीच्या खातेदाराचं नाव ओठांवर येऊन अडकतं. हे केमोनंतर बऱ्याच जणांना होतं आणि हळूहळू सुधारतं, असं दोन्ही डॉक्टर म्हणतात. मी कामावर एप्रिलमध्ये रुजू झाले, आधी अर्धा दिवस. रजेच्या दाखल्यावर फक्त लिम्फोमाचा उपचार एवढंच लिहून घेतलं, मानसोपचाराचा उल्लेख कामाच्या ठिकाणी देणं भाग नाही.

शेवटच्या डिस्चार्ज समरीवर मी एक ओळ मागून लिहून घेतली होती: 'प्रेडनिसोलोन १०० मिलिग्रॅमवर मनोविकाराची लक्षणे, पुन्हा स्टेरॉइड देताना खबरदारी.' तुम्हीही घ्या, कारण स्टेरॉइड काही फक्त कॅन्सरमध्येच देत नाहीत. दमा, सांधे, त्वचा, सगळीकडे लागतं. जूनमध्ये माझा खांदा आखडला. हाडांच्या डॉक्टरांनी सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ म्हणून सुचवलं. मी समरी पुढे केली. त्यांनी वाचलं, सांध्यातल्या इंजेक्शनाने एवढं सहसा होत नाही म्हणाले, पण घाईही केली नाही. नौपाड्याला फोन लावून बोलले आणि आधी सहा आठवडे फिजिओथेरपी करून बघू असं ठरलं. आता हात बुचड्यापर्यंत जातो. बुचडा अजून व्हायचाय.